गळ टाकायला जाताना डब्यात काय न्यावं

गळाला मासा लागला की किस्सा होत नाही. मासा लागतो, फोटो निघतो, विषय संपला! किस्से होतात ते काहीच लागत नाही तेव्हा. माणूस दोन-दोन दिवस पाण्याकडं बघत बसतो, बूड एका जागी ठरत नाही, मग हात आपोआप डब्याकडं जातो आणि तिथून पुढं काहीतरी घडतं. आमच्याकडं असलं बरंच साठलंय. मासे किती धरले ते विचारू नका. काय खाल्लं ते विचारा.

आम्ही चौघं. माझं नायगावला मोटरसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान. देगलूरचे कांबळे सर, शाळेतून रिटायर झालेले. तिथलेच सलीमभाई, फ्रिज रिपेअरिंगवाले. आणि उदगीरचे बसवराज अप्पा, कापडाचे व्यापारी. पक्के लिंगायत, गळ्यात लिंग, अंड्याच्या वासानंसुद्धा उठून जाणार. धरलेला मासा ते लगेच पाण्यात सोडतात. "मग धरता कशाला?" म्हणून कुणी विचारलं तर म्हणतात, "दुकानात गिऱ्हाईक धरतो, ते काय खातो का?"

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'शांत बसा'. चौघांतल्या एकालाही ते जमत नाही.

* * *

मांजरा नदीकाठच्या पहिल्या ट्रिपला सलीमभाईंनी बिर्याणीची हंडी आणली. गाडीला बांधून, वर गोधडी गुंडाळून! अप्पांनी आपला दहीभात घेऊन लांबचं झाड धरलं. आम्ही तिघांनी ठरवलं, गळ टाकायचे, दुपारपर्यंत वाट बघायची, मग खायचं.

गळ टाकले. सलीमभाई पाण्याकडं बघायचे, हंडीकडं बघायचे, परत पाण्याकडं बघायचे.

"नुसता वास बघू का?" सलीमभाई म्हणाले.

झाकण उघडलं ते काय परत लागलं नाही. सकाळचे दहासुद्धा वाजले नसतील. तळ खरवडून झाला तेव्हा कुणाचेच डोळे उघडे राहिनात. तिकडं अप्पाही दहीभात खाऊन आडवे झालेले. चौघंही ठार झोपलो.

जाग आली ती कांबळे सरांच्या ओरडण्यानं. सलीमभाईंचा नवाकोरा रॉड पाण्यातून तरंगत पलीकडच्या काठाकडं चालला होता. पुढं कुठलातरी दांडगा मासा, मागं रॉड! सलीमभाई गुडघाभर पाण्यात गेले, थांबले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"देखो मियाँ," ते म्हणाले, "आज मच्छी हमकू पकड ली!"

तेव्हापासून झोप आणणारं जेवण बंद.

* * *

कांबळे सर रिटायर झाल्यावर त्यांचं बिघडलं. म्हणजे तब्येत ठणठणीत होती, पण माणूस जागेवर टिकेना. काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा. पायांचा आवाज पाण्यात गेला की मासे लांब पळतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं! आम्ही बोलायचो, ते "सॉरी सॉरी" म्हणून बसायचे, की परत उठलेच. येता-जाता प्रत्येकाच्या पिशवीत हात. चिवडा, फरसाण, बिस्किटं, दुपारच्या आत सगळं साफ.

घरीही तेच चालू होतं. वहिनी एकदा मला फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, दर थोड्या वेळानं कपाट उघडून बघतेत ओ. काय पाहिजे विचारलं तर 'काही न्हाई' म्हणतेत. मला भ्या वाटून राहिलंय."

पुढच्या ट्रिपला वहिनींनी मोठी पिशवी भरून शेंगा दिल्या. भाजलेल्या, टरफलासकट. मला बाजूला घेऊन सांगितलं, "फोडून देऊ नका. त्यांचे त्यांना फोडू द्या."

सरांनी पहिली शेंग फोडली. मग दुसरी. मग खाली मांडी घातली. मग रुमाल पसरला. उन्हं डोक्यावर आली तरी माणूस उठला नाही! टरफलं एकीकडं, दाणे एकीकडं, लालसर फोलपटं फुंकरीनं उडवलेली. स्वतः एक दाणा तोंडात टाकला नाही. सलीमभाई गुपचूप मूठ-मूठ उचलत होते, तेही कळलं नाही. त्या दिवशी सरांच्या गळाला कटला मासा लागला, तो काढायलासुद्धा मीच धावलो.

परतताना सर गाडीवर मागं बसलेले. मग माझ्या कानाशी म्हणाले, "सगळी नोकरी पोरांना 'शांत बसा, शांत बसा' म्हणून ओरडण्यात गेली राव. शेंगा द्यायचं एकदा पण सुचलं न्हाई!"

* * *

एकदा सलीमभाईंनी जाहीर केलं, "घरून कायच नेयाचं नक्को. बस, तेल, मसाला, तवा. मच्छी तिथं मिळतीच!"

त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या भाभींनी विचारलं, "आन न्हाई मिळाली तर?"

"तो मैं नाम बदल देता!"

आम्ही तेल, मसाला, तवा घेऊन गेलो. मासळीनं त्या दोन दिवसांत आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. चूल पेटवून ठेवली, विझली, परत पेटवली. सलीमभाई मसाला कालवायचे, वाळला की पाणी घालून परत कालवायचे. शेवटी अप्पांनी स्वतःपुरत्या आणलेल्या भाकरीला तो मसाला लावून ती तव्यावर भाजली आणि चौघांनी वाटून घेतली. अप्पा तव्यावर भाकरी बाटणार म्हणून घाबरले होते. सर म्हणाले, "अप्पा, बिनधास्त ऱ्हावा. ह्या तव्याएवढा शाकाहारी तवा तुमच्या घरी पण नसंल!"

पण सलीमभाईंना घरी तोंड दाखवायचं होतं. येताना बाजारात बर्फातले मासे दिसले. चार चांगले निवडले, पिशवीत घातले, वरून काठावरचा थोडा चिखल फासला आणि घरी जाऊन ओट्यावर ठेवले.

भाभींनी मासा धुतला. उलटा केला, सुलटा केला.

"हे तर बांगडे हायेत," त्या म्हणाल्या. "मांजराला समुंदर कब से लग्या?"

आठवडाभर आम्ही सलीमभाईंना वेगवेगळ्या नावांनी हाका मारल्या.

* * *

पुढचं आता हसत सांगतोय, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

नाला जिथं नदीला मिळतो तिथं एक उंचवटा आहे. नाला कोरडा होता म्हणून आम्ही पायी उतरून पलीकडं गेलो. गाड्या अलीकडं, डब्यांची पिशवी गाडीच्या हँडलला. हातात फक्त गळ आणि माशांच्या चाऱ्याचे दोन डबे. आमच्याकडं आभाळ कोरडं, पण वर कुठंतरी पाऊस झाला असणार. बघता-बघता नाला लाल पाण्यानं भरला. गाड्या दिसतात, पिशवी दिसते, आम्ही अलीकडं येऊ शकत नाही!

मोबाइलला रेंज नाही. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं, उतार कुठंच नाही. कांबळे सर पाण्याच्या कडेला काडी रोवायचे. काडी बुडायची. दोन पावलं मागं सरून परत रोवायचे. सलीमभाई ओठांत काहीतरी पुटपुटत होते. अप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मला पोहता येत न्हाई हं. सांगून ठेवतो." मलाही येत नव्हतं. मी ते सांगितलं नाही.

दुपार टळली तेव्हा एक काडी रोवलेली तशीच राहिली. पाणी चढायचं थांबलं होतं. सरांनी हातातल्या उरलेल्या काड्या टाकून दिल्या. आणि मग सगळ्यांना एकदम भूक लागली.

खायला फक्त चारा. कणीक, शेंगदाण्याची पेंड, गूळ, बडीशेप, सगळं मळून केलेले गोळे. सलीमभाईंनी वाळक्या काटक्या गोळा केल्या, चपटा दगड तापवला, गोळे थापून भाजायला ठेवले. वास बरा सुटला.

अप्पांनी हातात घेतला, नाकाशी नेला. "ह्यात गांडूळ न्हाई न्हवं?"

"गांडूळ दुसऱ्या डब्यात, अप्पा."

अप्पांनी डोळे मिटून घास घेतला. चावला. परत चावला. आमचं तिघांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडं.

"आज कळालं बघा," अप्पा म्हणाले, "मासे आपल्याकडं का येत न्हाईत. ह्यात मीठच न्हाई की!"

* * *

आता अप्पांचाच एक. हा मी कुठंही सांगतो, पण अप्पा समोर असले की सांगत नाही.

कर्नाटकच्या हद्दीजवळ गेलो होतो. सकाळी गळ लावण्यात गुंतलो आणि अप्पांचा डबा कुत्र्यानं पळवला. आमच्या डब्यात अंडी आणि सुकट. अप्पा म्हणाले, "राहू द्या, उपास समजतो." पण त्यांना शुगर आहे आणि सकाळची गोळी घेऊन झाली होती. थोड्या वेळानं त्यांचा हात थरथरायला लागला, कपाळावर घाम. सरांच्या खिशातली एक चॉकलेटची गोळी त्यांच्या तोंडात घातली, गाडीवर बसवलं आणि मी जवळच्या गावाकडं सुटलो.

गावात शिरताच मांडव. पंगत बसलेली. हॉटेल शोधत बसायला माझ्यात धीर नव्हता. गाडी थांबवली तोच एक माणूस पुढं आला, "बर्री, कुंद्री!" म्हणजे या, बसा. हाताला धरून आम्हाला पंगतीत बसवलं. बुंदी, वरण-भात, वांग्याची भाजी. अप्पांनी आधी बुंदी खाल्ली. हाताची थरथर थांबली तसा माझा जीव भांड्यात पडला.

मग मी समोर बघितलं. खुर्चीवर एका म्हाताऱ्याचा फोटो, त्याला हार. लग्न नव्हतं, तेरवी होती!

"तात्यांच्या ओळखीचे का?" वाढणाऱ्यानं विचारलं.

"नदीवरून आलो," अप्पा खरं तेच बोलले.

त्या माणसानं मागं वळून मोठ्यानं सांगितलं, "नदीवरचे हायेत! तात्यांचे नदीवरचे दोस्त!"

पंगतीतली सगळी डोकी आमच्याकडं वळली. तात्या रोज गळ घेऊन नदीवर जायचे, संध्याकाळी यायचे, घरात कुणाशी अक्षर बोलायचे नाहीत, हे आम्हाला शेजारच्या माणसानं हळू आवाजात सांगितलं. मला तिथून पळावंसं वाटत होतं. मी अप्पांच्या मांडीला कोपर लावला. ते उठणार, तेवढ्यात घरातून एक म्हाताऱ्या बाई आल्या आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या. फोटोतल्या माणसाची बायको.

"तुमच्याशी बोलायचे का ओ ते?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"हाव," अप्पा म्हणाले. "लई बोलायचे."

"काय बोलायचे?"

अप्पांच्या हातात घास होता. "तुमच्या हातच्या धपाट्याबद्दल," ते म्हणाले. "डबा उघडला की तेच. असला धपाटा कुठंच मिळत न्हाई म्हणायचे."

बाई एक पाऊल पुढं आल्या.

"धपाटे?" त्या म्हणाल्या. "दात पडल्यापासून ते नुसता कालवलेला भात न्यायचे."

मी पान पुढं सरकवून उठायच्या बेतात आलो. अप्पांनी हातातला घास परत पानावर ठेवला.

बाईंनी पदर सावरला, आमच्यासमोर जमिनीवर मांडी घातली.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "सांगा, अजून काय काय म्हणायचे?"