सुनेची जीत
गुड फ्रायडेला शेजारी कुठे उपास सोडायची पेज शिजू लागली, की तिच्या वासाबरोबर मला पालीच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. नात तेव्हा पाच वर्षांची होती. एवढ्या लहानांना उपासाची सक्ती नसते, तरी तिला भरवायला निघालेल्या सुनेच्या हातातली पेजेची वाटी मी हट्टाने काढून घेतली. "पपा, उपाशी नका ठेवू तिला, उभी न्हाय राहत ती मग," सून कळवळून म्हणाली. "दर तीन तासांनी भरवून लाडावून ठेवलीस," मी सुनावलं. दुपारी प्रार्थनेला निघताना नात उंबऱ्यातच कोसळली. इस्पितळात मी ऊन लागल्याचं सांगितलं. सुनेने खरं ते सांगितलं: एरवी दर तीन तासांनी भरवते, आज सकाळपासून उपाशी ठेवलंय. सलाइनमधून साखर गेली, तसे पोरीने डोळे उघडले. पुढे तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोट रिकामं राहिलं की पेशी चरबीच्या लांब साखळ्या तुकड्यातुकड्याने तोडून ताकद मिळवतात. हिच्या पेशींना ते जन्मापासून जमत नाही. हिला दर तीन तासांनी कोण भरवायचं?" सुनेने शाळेतल्यासारखा हात वर केला. "तुम्हीच हिला आजवर जगवलंत," बाई तिला म्हणाल्या. सून माझ्याकडे वळली, "ऐकलं ना, पपा? लाड नव्हते ते." गावात मात्र मी उन्हाचीच गोष्ट सांगत राहिलो. परवा नात शाळेच्या शर्यतीत पहिली आली, तेव्हा एका शेजाऱ्याने माझी पाठ थोपटली, "आजोबाची शिस्त हाय ही!" मी सुनेला पुढे ओढलं आणि भर मैदानात म्हणालो, "माझ्या शिस्तीनं पोर मरत होती. जिंकली ती पोरीची ही आई."