औसा रोडच्या पंपावरची झडप

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथं लोक लिहितात ते चकव्याचे आणि पिंपळाखालच्या बाईचे किस्से मी जेवताना मोठ्यानं वाचतो आणि बायकोला हसवतो. धंदाच तसा आहे माझा — पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांमध्ये व्हॉल्व्ह बसवायचे. राहतो नांदेडला, कामं असतात उदगीरपासून औशापर्यंत. जे बिघडतं त्याला कारण असतं, आणि ते मी शोधून काढतो. फक्त एकदा सापडलं नाही... आणि तेही माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

व्यंकटदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. भूकंपात आमचं घर बसलं तेव्हा त्यानं मला माती उकरून बाहेर काढलं, बोटांची नखं गेली होती त्याची. पुढं गाव नव्या जागी वसलं, पण दादा लातूरला आला आणि औसा रोडवरच्या एका पंपावर लागला. तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. जिकडे बघावं तिकडे होस्टेल, मेस आणि पोरांच्या मोटारसायकली. पंपावर दिवसभर रांग. टँकर आला की तो लवकर रिकामा करून हाकलायची मालकाला घाई. त्याला मी मालकच म्हणतो, नाव घ्यायची इच्छा नाही.

आता झडपेचं थोडं सांगतो. टँकरचा पाइप जिथं जोडतात, त्या नळीत एक झडप, म्हणजेच व्हॉल्व्ह, असते. टाकी भरत आली की आतला फ्लोट तरंगून वर उचलला जातो, झडप मिटते आणि पेट्रोल थांबतं. मग पाइपात राहिलेलं हळूहळू उतरवत बसावं लागतं. तेवढा वेळ वाचवायला काही जण झडपेत काठी अडकवून ती उघडीच ठेवतात. या पंपावर मालकाच्या हुकमानं तेच चालायचं. एका दुपारी टाकी भरून पेट्रोल वर आलं, फरशीवर पसरलं, शेजारी कुणीतरी गाडी चालू केली आणि भडका उडाला. दादा चार दिवस सरकारी दवाखान्यात होता. मला एवढंच बोलला, "काठी व्हती रे आत. मी नगं म्हनलो व्हतो."

मालकानं पोलिसांना सांगितलं, व्यंकट विडी ओढत होता. तेच कागदावर आलं. काठी जळून गेली होती. दादा तंबाखू खायचा, पण विडी त्यानं आयुष्यात ओठाला लावली नाही. तेराव्याला मालक घरी आला, सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "भूकंपातून वाचला अन् इथं गेला. नशीब एकेकाचं." त्याचा गळाच धरायला हवा होता मी. मी त्याला चहा दिला. हे मला आजही सहन होत नाही.

दोन वर्षांनी त्याच पंपावर नवी टाकी पुरली आणि व्हॉल्व्हचं काम आमच्या ठेकेदाराकडे आलं. मी ते मागून घेतलं. खोटं कशाला सांगू — मनात वाईट होतं. फ्लोटची पिन सैल ठेवावी, पुन्हा भडका उडावा आणि या खेपेला टाकीपाशी मालक उभा असावा... पण पंपामागेच तीन मजली होस्टेल होतं. गॅलरीत बारावीची पोरं पुस्तक हातात घेऊन फेऱ्या मारत होती. माझा हात धजावला नाही. व्हॉल्व्ह चोख बसवला, चार वेळा तपासला आणि स्वतःवरच चिडलो. सूड घ्यायला आलो आणि मालकाची टाकी सुरक्षित करून दिली!

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला टँकर लागला. टाकी अर्धी भरली आणि... खट्. बंद.

आतली पातळी मोजायचा रॉड टाकून पाहिला. अर्धीच. म्हणजे फ्लोट त्याच्या वर दोन-तीन फूट, कोरडा, हवेत. आणि झडप मिटलेली! हे होऊच शकत नाही. व्हॉल्व्ह बाहेर काढला, तर बोटानं ढकलला तरी उघडत होता. दुसरा बसवला. पुढच्या टँकरला तोही अर्ध्यावर बंद. तिसरा नवाकोरा आला, तो तर तेल कंपनीच्या इंजिनियरनं स्वतः बसवला. खट्. टँकर अर्धे भरलेले परत जायला लागले. असंच चाललं तर पंप बंद करू, असं कंपनीनं मालकाला बजावलं.

"तूच कायतरी करायलास," मालक माझ्यावर धावून आला.

"मी? ह्यो तर इंजिनियर सायबानं बसवला की."

मग तो ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "पाइप काढ अन् काठी घाल."

माझ्यासमोर! माझ्या भावाला जिनं मारलं तीच काठी, त्याच जागेवर! तिडीक गेली डोक्यात. ड्रायव्हरनं नाही-होय करत बांबू घातला आणि दोन्ही हातांनी रेटला.

"हलंना, मालक. कुनीतरी आतून धरल्यागत हाय." त्यानं बांबू टाकला आणि लांब जाऊन उभा राहिला.

मला भीती नाही वाटली. हसू आलं. कोण धरून बसलंय ते मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. मी मालकाला म्हणालो, "वैनीला आणतो. काय केलाव ते तिच्यासमोर, सगळ्यायसमोर सांगा. मग बघू."

बुधवारी भर दुपारी वहिनी आली. मालकानं हात जोडले. "वैनी, चूक झाली. माफ करा." ड्रायव्हरनं टँकरचा कॉक सोडला. पेट्रोल अर्ध्यावर आलं आणि... खट्.

वहिनी कधी मोठ्यानं बोलायची नाही. ती पुढं झाली.

"चूक कुनाची? नाव घ्या की. अन् त्ये विडीचं बी सांगा. बापानं पंप पेटवला म्हून माज्या लेकीला शाळंत पोरी बोलत्यात."

रांगेतली माणसं गाड्यांवरून उतरली होती. होस्टेलची पोरं गॅलरीत गोळा झाली होती. मालकाचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"काठी मी घालायला लावली," तो म्हणाला. "व्यंकट नगं म्हनत व्हता. विडी... विडी न्हवती. मी खोटं बोल्लो."

पाइपानं एक हिसका दिला. खाली पेट्रोल पडायचा आवाज सुरू झाला, आणि टाकी भरत आल्यावर जिथं थांबायला हवं, बरोबर तिथं ते थांबलं.

इंजिनियर म्हणाला, आत हवा कोंडली असेल. हवा बाहेर जायचा नळ मी स्वतः तपासला होता, तो स्वच्छ होता. तोच तिसरा व्हॉल्व्ह तिथं अजून आहे आणि त्यानंतर एकदाही अडला नाही. कारण मला आजही सांगता येत नाही. वहिनीचं म्हणणं, जे पाहिजे होतं ते मिळालं, आता बास.

लोक मात्र मला अजून विचारतात — खरं सांग, तूच काहीतरी केलं होतंस ना? नाही हो. माझ्या हातात असतं, तर ती झडप आजही बंदच असती.