मालकांची गाडी

माझ्या ताईच्या घरासमोर पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडमध्ये एक गाडी उभी असते. उभी असते म्हणणं हा तिला दिलेला मान झाला. संध्याकाळी उभी असते, सकाळी पाहावं तर खाली बसलेली. तिच्या चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. नवी होती तेव्हा बटण दाबलं की डोंगर चढायला ती वीतभर उंच व्हायची आणि मालकांना उतरायचं असलं की अदबीनं खाली यायची. आता पिशव्या चिरल्यात. त्यामुळे बटण दाबा, नका दाबू, ती आपली खाली येते. भाऊजी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर येतात आणि ती आज किती बोटं बसली ते वाकून बघतात.

भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. एका कारखानदाराकडे त्यांनी बावीस वर्षं ड्रायव्हरी केली, त्यातली शेवटची चौदा याच गाडीवर. मागे मालक झोपलेले असायचे आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून भाऊजी लांबूनच खड्डा ओळखायचे. हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यातले काही खड्डे मलाही पाठ झालेत. कारखाना बंद झाला त्या दिवशी म्हाताऱ्या मालकांनी सगळ्यांदेखत किल्ली भाऊजींच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही आता तुझी." टाळ्या पडल्या. भाऊजी रडले. सहा महिन्यांत मालक गेले आणि गाडी राहिली.

बावीस वर्षांत भाऊजींनी दुरुस्तीचं एकही बिल पाहिलं नव्हतं. गाडी वर्कशॉपला सोडायची, धुऊन पुसून आली की घेऊन यायची, बिल परस्पर ऑफिसात. त्यामुळे हवेच्या पिशव्यांची चौकशी करायला ते इस्त्रीचा शर्ट घालून गाडीच्या कंपनीच्या त्याच वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवरच्या बाईंनी ओळखलं, कोल्ड कॉफी दिली आणि आकडा लिहिलेला कागद पुढे सरकवला. भाऊजींनी तो वाचला, नीट घडी घातली, "विचार करून कळवतो" म्हणाले आणि बसनं घरी आले. कॉफी त्यांनी अर्धी तशीच ठेवली होती, याची त्यांना फार लाज वाटत होती.

मग भंगार बाजार. तिथं अशाच गाडीची एक पिशवी मिळाली, पण वेगळ्या सालच्या मॉडेलची. दोन बोटं आखूड. ती बसवली तर गाडी एका बाजूला कलली. कललेली सरळ करता करता हवा भरणारा कॉम्प्रेसर जळाला. मी फ्रिज दुरुस्त करतो, म्हणून एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तुझ्या फ्रिजचा बसेल का रे?" मी हसलो. ते हसले नाहीत. कॉम्प्रेसर मिळाला तर त्यानं फ्यूज उडवले, फ्यूज घातले तर डॅशबोर्डवर पिवळे दिवे लागले, आणि ते घालवायला ज्याच्याकडे कॉम्प्युटर होता तो माणूस नुसतं गाडीला वायर जोडायचे पैसे घ्यायचा. मारुतीच्या शेपटासारखं हे प्रकरण वाढत गेलं. दर वेळी भाऊजींचं एकच, "एवढं एक काम झालं ना, की बघ."

ताई त्या गाडीला सवत म्हणते. आधी हसून म्हणायची.

ताई शाळेचे गणवेश शिवते. घरात दोन मशिनी, त्याही बोळात, आणि न्हाणीघरात कुणाला जायचं असेल तर ताईला खुर्चीसकट आत सरकावं लागतं. या वर्षी एका शाळेनं सगळ्या वर्गांचं काम तिला देऊ केलं. अट एकच, सहा मशिनी बसतील अशी जागा दाखवा आणि गुरुवारपर्यंत हो की नाही ते कळवा. चार बायका शिवायला तयार होत्या. मशिनी भाड्यानं मिळत होत्या. जागाही होती, दारातच होती, पण तिच्यात सवत बसलेली.

"काढा ना आता ती," ताई म्हणायची.

"काढू कुठं? रस्त्यावर ठेवली तर उचलून नेतील. विकायची तर कागद नकोत? नाव मालकांचं. धाकटे साहेब सही करून पाठवतो म्हणालेत. पाठवले की दुसऱ्या दिवशी काढतो."

हे धाकटे साहेब म्हणजे मालकांचा मुलगा, लांबच्या शहरात राहणारा. गेली दोन वर्षं ताई त्यांच्या कागदांची वाट बघत होती. मोठ्या लोकांना एका सहीला दोन वर्षं लागतात, यावर मीही विश्वास ठेवला. माझी अक्कल तेवढीच.

त्या गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला ताईचा फोन आला. "लवकर ये. हे गाडीत अडकलेत."

मी म्हटलं, "यात नवीन काय?" तिनं फोनच ठेवला, तेव्हा मी हत्यारांची पिशवी उचलली.

झालं होतं असं. दारांच्या लॉकची पेटी बिघडली होती, म्हणून भाऊजींनी भंगारातून दुसरी आणून स्वतःच बसवली. असला भाग बसवला की कॉम्प्युटरनं त्याची गाडीशी ओळख करून द्यावी लागते, हे त्या वायरवाल्यानं बजावलं होतं. पण ओळख करून द्यायचे पैसे वेगळे. भाऊजी आत बसले, दार ओढून घेतलं आणि चाचणी म्हणून रिमोटचं बटण दाबलं. पाचही दारं खटकन लागली, तीही चोरासाठी लागतात तशी, आतलं हँडल ओढून उपयोग नाही अशी. त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि आधीच मरायला टेकलेली बॅटरी बसली. काचा विजेवरच्या. किल्ली एकच आणि ती आत त्यांच्याच हातात. बाहेरून दुसरी बॅटरी जोडावी म्हटलं तर बॉनेट उघडायची केबल मागच्याच वर्षी तुटली होती आणि 'बघू' या यादीत पडली होती.

पत्रा तापला होता. भाऊजी स्टीअरिंगच्या मागे अगदी ताठ बसले होते, शर्ट पाठीला चिकटलेला. मला बघून त्यांनी हात वर केला, रस्त्यात भेटल्यावर करतात तसा.

मी दाराच्या फटीत पट्टी घालून पाहिली. तार वाकवून पाहिली. आतून भाऊजी बोटानं खुणावत होते, रंगाला ओरखडा पडेल. मला असा संताप आला! मी ओरडलो, "भाऊजी, तुमची कातडी भाजतेय आणि तुम्हाला रंगाचं पडलंय?" त्यांना ऐकू गेलं नाही. काच जाड, मालकांची झोप मोडू नये अशी.

ताईनं वर्कशॉपला फोन लावला. तिकडून माणूस पाठवू म्हणाले, चार तास लागतील म्हणाले, आधी ग्राहक क्रमांक सांगा म्हणाले. तिनं फोन ठेवला आणि एकदम म्हणाली, "धाकट्या साहेबांना विचारते. त्यांच्याच घरातली गाडी, त्यांना माहीत असेल काही युक्ती. आणि सहीचंही विचारते एकदाचं."

तिनं फोन स्पीकरवर टाकला, मला नीट कळावं म्हणून. आतून भाऊजींनी नाव बघितलं असावं, नाहीतर ताईचे ओठ वाचले असावेत. ते काचेवर हात आपटायला लागले. दोन्ही हातांनी. जोरजोरात मान हलवत होते.

"अगंबाई, यांना श्वास लागला," ताई म्हणाली आणि फोनवर घाईघाईनं सगळं सांगत सुटली.

तिकडचा आवाज फार सभ्य होता. "काकू, घाबरू नका. सरळ काच फोडा. बाबांची ती गाडी काकांनी अजून ठेवलीय? मी कागद सह्या करून दोन वर्षांपूर्वीच पाठवले होते. मिळाले म्हणून काकांचा फोनही आला होता. मला वाटलं, विकली असेल केव्हाच."

ताई "बरं" म्हणाली. "बरं, साहेब. ठेवते."

काचेवरचा आवाज थांबला होता. भाऊजींचे हात काचेवर तसेच होते, पंजे उघडे. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघितलं. मग तिनं त्यांचा नंबर लावला. आत फोन वाजला आणि भाऊजींनी तो उचलला. दोघांमध्ये एक काच होती आणि ते फोनवर बोलत होते.

"कुठं आहेत कागद?" ताईनं विचारलं.

भाऊजींनी समोरचा कप्पा उघडला आणि एक खाकी पाकीट काढून काचेला लावलं. दोन वर्षं ते ताईपासून दहा पावलांवर होतं.

"का?"

भाऊजींनी पाकीट मांडीवर ठेवलं. मग स्पीकरमधून भाऊजींचा आवाज आला, बारीक, घाम गाळणाऱ्या माणसाचा. "घर तुझ्या शिलाईवर चालतं. मी सकाळी उठून काय करायचं, सांग? हिच्याखाली शिरलो की मला वाटायचं, मी कामावर आहे. येणारा जाणारा विचारतो, काय, झाली का गाडी? विकल्यावर कोण काय विचारणार होतं मला?" ते थांबले. "खरं सांगू? ती नीट होऊ नये असंच वाटायचं. आणि तिच्यापायी आपण दोघं मरतोय हेही दिसायचं. मला दोन्हीकडून सुटता येईना गं."

ताई म्हणाली, "मागच्या सीटवर जा."

"अगं, मागची छोटी काच फोड, ती बाजारात स्वस्त..."

"मागं जा म्हणते ना."

भाऊजी दोन सीटांमधून कसेबसे मागे गेले. साठीचा माणूस, गुडघे धड वाकत नाहीत. मी हातोडा काढला, तो तिनं माझ्या हातातून घेतला. ड्रायव्हरच्या बाजूची काच पहिल्या घावाला नुसती तडकली. दुसऱ्याला सगळी खाली आली.

त्यांना त्या खिडकीतून बाहेर ओढताना माझ्या मनात आलं, की हा माणूस चौदा वर्षं याच दारातून उतरून दुसऱ्यासाठी मागचं दार उघडत होता. वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. ताईनं त्यांना पाणी दिलं. मग त्यांच्या केसांतले, कॉलरमधले काचेचे तुकडे वेचून ओट्यावर ठेवायला लागली. भाऊजी लहान मुलासारखे मान खाली घालून उभे होते.

"ऐक," ते म्हणाले. "शाळेत फोन लाव. हो म्हणून सांग. मी भंगारवाल्याला आत्ता बोलावतो, जशी आहे तशी देतो, काय देईल ते देऊ दे. उद्या संध्याकाळी शेड रिकामी करून देतो. तुझी शपथ."

मी आनंदानं ताईकडे बघितलं. ती त्यांच्या खांद्यावरचा एक तुकडा चिमटीत धरायचा प्रयत्न करत होती, तो निसटत होता.

"सकाळी दहालाच कळवलं मी," ती म्हणाली. "नाही म्हणून. तुम्हीच म्हणालात ना काल, कागद या महिन्यातही येत नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या बाईंना दिलं काम."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी तोड काढेन, कुठली तरी वायर कुठं तरी लावेन, असं त्यांना वाटलं असावं. माझ्याकडे काही नव्हतं. ताईनं तो तुकडा शेवटी काढला, बाकीच्यांशेजारी ठेवला आणि म्हणाली, "हलू नका, मानेवर अजून आहेत."