आधीच वाचलेली पानं

कॉम्प्युटरच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास आला की वारंगा फाट्यावरचं ते सेवा केंद्र आठवतं. तिथल्या दोन जुनाट मशीनींपैकी एकीवर मी बसायचे, दुसरीवर मालकांची पुतणी. स्कॅन केलेल्या भल्यामोठ्या फाइलींतून एखाद्याच्या सातबाऱ्याचं एकच पान काढायचं तरी मशीन रेंगाळायची आणि उन्हातली रांग आम्हालाच शिव्या घालायची. मी कारण शोधलं, तर एक पान मागितलं की मशीन पुढची ढीगभर पानंही आधीच वाचून मेमरीत कोंबत होती, आणि कामाच्या पानाला जागाच उरत नव्हती. ते आगाऊ वाचणं मी माझ्या मशीनच्या सेटिंगमध्ये थोडं थोडं कमी करत नेलं. दुपारपर्यंत रांग संपली. मालकांनी चहा मागवला, सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि त्याच सुरात म्हणाले, "उद्यापासून तू येऊ नको." मी विचारलं, "काहून, सर?" "मशीन पळून राहिली ना आता. एकटी पुतणीच उरकती सगळं. जायच्या आधी तिच्या मशीनचं बी तसंच करून दे." पुतणी खुर्चीतून उठून बाजूला झाली, माझ्याकडे न बघता. मी बसले आणि सगळं बराबर करून दिलं. आजही कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं, की त्याचं पुढचं वाक्य येईपर्यंत मी गप्प राहते.