मी न केलेले उपवास

आमच्या घरात उपवास हा शब्द शिवीसारखा वापरतात. धर्मांतराच्या साली आजोबांनी देव्हाऱ्यातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, आणि तेव्हापासून आमच्यात कोणी देवासाठी एक घासही टाळलेला नाही. आई तर अंबरनाथच्या आमच्या वस्तीतल्या विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष. वस्तीत नवीन आलेली सून गुपचूप चतुर्थी धरते का, यावर तिची बारीक नजर. अशा बाईच्या मुलाने लागोपाठ तीन वार धरले, असा तिचा समज झाला तेव्हा घरात काय झालं असेल, याची कल्पना करावी.

खरं म्हणजे मी कुठलाच वार धरला नव्हता. मी पोट सांभाळत होतो.

उल्हासनगरला माझा एक माणूस आहे. सिंधी आहे, चार नंबर कॅम्पात जीन्सचं दुकान चालवतो, माझ्यासारखाच तेहतीस वर्षांचा. त्याचे आईवडील महिन्याच्या शेवटच्या रविवारी सत्संगाला जातात आणि दहा ते चार फ्लॅट रिकामा असतो. महिन्यातले तेवढेच सहा तास आमचे. आता आमच्यातला संबंध मागच्या वाटेचा. प्रेमात पडताना कोणी सांगत नाही, पण त्या वाटेवर पोटाचा जुना ताबा असतो आणि ते काही आपलं वेळापत्रक विचारत नाही.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी चामटोलीला एका मित्राच्या हळदीत मटण आणि वालाचं बिरडं चापून आलो. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला त्याच्या घरी शिरलो तो थेट संडासात, आणि सहापैकी चार तास तिथेच काढले. तो बिचारा दाराबाहेर स्टूल टाकून बसला आणि दर दहा मिनिटांनी "यार, तू ठीक है ना?" विचारत राहिला. पुढच्या महिन्यात मी शहाणपणा करून जुलाबाचं चूर्ण घेतलं. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

शेवटी बदलापूरला एका डॉक्टरबाईंकडे गेलो, कारण तिथे मला कोणी ओळखत नाही. मूळव्याध सांगायची असं ठरवून गेलो होतो, पण त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की खरंच बोलून बसलो. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चूर्ण बंद, म्हणाल्या. सारखं पिचकारीने धुणंही बंद, आतलं अस्तर खराब होतं. इसबगोल रोज, त्यावर भरपूर पाणी. तीन दिवस आधीपासून साधं, मऊ, ठरल्या वेळेला जेवायचं, आणि जे बाधतं ते टाळायचं. मला मटण बाधतं, आंबट बाधतं आणि तळलेलं बाधतं. म्हणजे आमच्या घरात जे जे चांगलं शिजतं ते सगळंच.

रविवारच्या आधीचे तीन दिवस म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. इथे घात झाला.

गुरुवारी मी मटणाला नाही म्हटलं. शुक्रवारी चिंचेची आमटी परत केली. शनिवारी भजी नको म्हणालो आणि मऊ भात मागितला. रोज कंपनीतून आलो की दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून ग्लासात इसबगोल ढवळायचो आणि एका दमात प्यायचो, कारण जरा थांबलं की त्याची खळ होते. रविवारी सकाळी पाऊण तास अंघोळ, मग धुतलेला शर्ट घालून न सांगता बाहेर. आईने तीन महिने हे सगळं पाहिलं आणि तिचा हिशेब पक्का बसला. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार आंबट न खाण्याचा, शनिवार मारुतीचा, ग्लासातलं ते तीर्थ, आणि रविवारी स्वारी देवळात. शुक्रवारचं व्रत बायका करतात, हे तिला सगळ्यात जास्त लागलं होतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

तिने माझ्याशी भांडण केलं नाही. तिने बुवापाड्याहून मामाला बोलावलं.

मामा तिचा थोरला भाऊ, विहाराच्या समितीवर. तो शनिवारी संध्याकाळी डबा घेऊन आला. डब्यात वजडी होती. बकऱ्याची आतडी, काळ्या मसाल्यात, वर बोटभर तेलाचा तवंग. मामाने ती स्वतः ताटात वाढली, माझ्यापुढे सरकवली आणि थोडक्यात सांगितलं की वस्तीत बोलणं सुरू झालंय. मुलगा उपवास करतो आणि आई दुसऱ्यांच्या सुनांना शिकवते, हे चालणार नाही. उद्या सकाळी समिती बसणार. मी आत्ता हे खाल्लं तर तो उद्या छातीठोकपणे सांगेल की सगळं खोटं आहे. मग तो तंबाखू आणायला खाली गेला. परत येईपर्यंत ताट रिकामं पाहिजे होतं.

मी ताटाकडे बघत बसलो. माझ्या आतड्यांची एवढी उस्तवार चालली होती आणि पुढ्यात दुसऱ्याची आतडी. उद्या महिन्याचा शेवटचा रविवार, आणि मागचा सत्संग रद्द झाला होता, म्हणजे आम्ही दोन महिने भेटलो नव्हतो. तरी मी खाणार होतो, खरंच. आईचं मंडळ म्हणजे वीस वर्षांची मेहनत होती. घास उचललाही, आणि समोर पाहिलं तर आई रडत होती. तिचं काय चुकलं, एवढंच ती विचारत होती.

मला ते सहन झालं नाही. घास ताटात ठेवला.

"आई, हे देवासाठी नाही. एका माणसासाठी आहे."

तिने डोळे पुसले. कोणती मुलगी, म्हणाली. मुलगी नाही, मी म्हणालो. हे कळायला तिला वेळ लागला. चेहऱ्यावर ते हळूहळू उमटताना मला दिसलं. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पण मग चिंचेने काय होतं?"

मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसंच, इसबगोलापासून अस्तरापर्यंत, ताटाकडे बघत सगळं सांगितलं. जगात कुठल्या मुलाने आपल्या आईला हे सांगितलं असेल असं मला वाटत नाही. लाजेने माझे कान जळत होते आणि त्याच वेळी हसू येत होतं.

"त्यापेक्षा उपवास असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

ते मला फार लागलं. तिने थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. जिन्यात मामाच्या चपला वाजल्या. ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

मामाने आधी ताट पाहिलं, मग मला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "तो नाही खाणार, दादा. उपवास करतो तो. तिन्ही वार."

मामाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "कुठल्या देवाचे?"

आईच्या तोंडून देवाचं नाव मी तेहतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही पाहिलं नाही.

"दत्ताचे," ती म्हणाली.

मग उद्या समितीत काय सांगू, असं मामाने विचारलं.

"हेच सांग. आणि मंडळाला दुसरी बाई बघा."

मामा वळला. तो जिना उतरेपर्यंत ती दाराशी ताठ उभी होती. मग येऊन माझ्यासमोर बसली, माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि जेवायला लागली.