मुकादम कुठे बसला?

मी अक्षरं शिकले ती शाळेच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांवर जास्त. माझे वडील, आबा, सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होते आणि युनियनचं काम करायचे. छापून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या खोलीत पलंगाखाली असायचे. त्यांच्यावर लोळत, कच्च्या शाईने बोटं काळी करत मी वाचायला शिकले. त्यामुळे कुणी गोड बोललं की हा आता काय काढून घेणार, असंच पहिलं मनात येतं. ही सवय मोडावी असं मला कधी वाटलं नाही.

घरात दोन नियम होते. पहिला, मालकाने पाठवलेल्या गाडीत बसायचं नाही. एका संपात शेठने बोलणीसाठी म्हणून बस पाठवली होती. कामगार हौसेने बसले. बसने त्यांना सचिन गावाच्याही पुढे, उसाच्या शेतांपाशी नेऊन उतरवलं. ते पायी परत येईपर्यंत मिलमधला तयार माल ट्रकांतून निघून गेला होता. दुसरा नियम भाषेचा. आम्ही खान्देशातले, घरात अहिराणी. मिलमधून आपला माणूस फोनवर हिंदीत बोलायला लागला की समजायचं, शेठ नाहीतर त्याचा माणूस शेजारी उभा आहे. जे बोलतोय ते खरं धरायचं नाही.

माझा मोठा भाऊ टाइल्स बसवायला आखातात गेला, तेव्हा हे दोन्ही नियम तो बरोबर घेऊन गेला. तिथे उतरल्याबरोबर कंपनीच्या मुकादमाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. ‘सांभाळून ठेवतो’ म्हणाला. आबा इथे चिडले, पण पासपोर्ट तिकडे गेलाच.

मग तिथे युद्ध सुरू झालं. विमानतळ बंद झाला. टीव्हीवर दर थोड्या वेळाने सांगत होते की आपल्या एकेका नागरिकाला सुखरूप परत आणणार, बसने शेजारच्या देशात नेऊन तिथून विमानात बसवणार. मागे झेंडा फडकत होता, संगीत वाजत होतं. मला संगीताचाच संशय आला. मदतीच्या नंबरवर मी फोन केला. तिथली बाई सभ्य होती. “बसेस निघाल्या आहेत,” ती म्हणाली. “भावाच्या कॅम्पवर जी येईल ती तुमचीच कशावरून?” असं विचारलं तर म्हणाली, “ते आम्हाला इथून सांगता येणार नाही.”

दुपारी भावाचा फोन आला. वहिनी पदराला हात पुसत धावत आली, मागून आई.

“आबा, इधर सब ठीक है. बस आई है. कंपनीवाले बोल रहे हैं, सरकार की बस है, जल्दी बैठो.”

हिंदी! आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुन्हा जोडे कोन शे?” आबांनी विचारलं. तुझ्याजवळ कोण आहे?

“सब लोग हैं, आबा.”

पुन्हा हिंदीच. वहिनीचा चेहरा उतरला. मी फोन ओढून ओरडले, “बसू नको, भाऊ! त्या तुमले दुसऱ्या साइटवर लई जातील!” युद्धातही इमारती पुऱ्या करून घेणारे मालक असतात, हे मी पत्रकांत वाचलेलं नव्हतं, पण मला त्याची खात्री होती.

“अरे, चिल्लाव मत,” भाऊ म्हणाला. मग एकदम अहिराणीत: “कोनी दाबेल नही मले. सगळास्ना फोन बंद पडी गयात, मन्हाच चालू शे. इस्पीकरवर ठेवेल शे. बिहारवाला, ओरिसावाला, सगळा आयकी राहिनात. त्यास्ले समजाले पायजे म्हनीसन हिंदी.”

म्हणजे शेजारी शेठ नव्हता. शेजारी त्याच्यासारखेच सगळे होते, आणि बसायचं की नाही हे सुरतेच्या एका खोलीतून ऐकायला थांबले होते. माझं ओरडणंही सगळ्यांनी ऐकलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “क्या बोली बहन? नहीं बैठना है?” लांब काहीतरी फुटल्याचा आवाज आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

वहिनी मला म्हणाली, “ताई, बस सुटनी तं?”

आबांनी फोन घेतला आणि तेही हिंदीत बोलले, सगळ्यांसाठी.

“पासपोर्ट किसके पास है?”

“मुकादम के पास.”

“मुकादम कहाँ है?”

“बस में. सबसे पहले वही बैठा. खिडकी के पास.”

“सामान?”

“पूरा लेके बैठा है, आबा. कुकर भी.”

मागे कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. त्या संपाच्या बसमध्ये मिलचा मुकादम बसला नव्हता. तो खाली उभा राहून दार लावत होता. हे आबांनी मला शंभरदा सांगितलं होतं, आणि तरी मला फक्त बस आठवली.

“तो बैठो. सब बैठो. और तू उसके बाजू में बैठ. वो पेशाब को उतरे तो तू भी उतर.”

बस खरोखरच सरकारची निघाली. सीमेवर भावाने मुकादमाच्या मांडीवरच्या पिशवीतून सगळ्यांचे पासपोर्ट काढायला लावले आणि ज्याचा त्याला दिला.

तो घरी आला त्याच दिवशी संध्याकाळी गल्लीत हार घेऊन माणसं आली. पुढारी मागून येणार होते.

“पासपोर्ट द्या भाई, साहेबांच्या हातून तुम्हाला देतानाचा फोटो काढू,” त्यांच्यातला एक म्हणाला.

भाऊ दोन्ही हातांनी खिसा दाबून उभा राहिला. “दाखवतो. देणार नाही.”

“अरे, दोन मिनिटांत परत देतो की!”

“मुकादमसुद्धा असंच काहीतरी म्हणाला होता.”

ते गेल्यावर आई म्हणाली, “आन इकडे, कपाटमा ठेवस.” भावाने खिशाचं बटण लावलं आणि जेवायला बसला.