भट्टीची निळी काच

काल ड्रॉवर आवरताना निळी काच सापडली. भिलाईच्या कारखान्यात भट्टीत डोकावताना आम्ही ती डोळ्यांपुढे धरायचो. तरुणपणी ट्रेनिंगला ऑस्ट्रियात गेलो, तेव्हा आल्प्समधल्या हिमनदीची चकाकी सोसेना, म्हणून सवयीनं हीच काच खिशातून काढली. सोबतचा दुर्गचा वानखेडे हसला, "काय पाहून राहिला बे? इथं काय पोलाद उकळून राहिलं का?" बुटाखाली बर्फ कुरकुरत होता, नाक बधिर झालं होतं. मी म्हणालो, "आपल्या नातवाइले बी पुरते हा बर्फ."

आज नातीनं त्याच जागेवरून फोटो पाठवला. नुसते करडे दगड. खाली लिहिलंय, "आजोबा, तुमचा बर्फ कहाँ गया?"

मी निळी काच पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवली. भट्टी थंड पडू न देणं, हीच तर माझी नोकरी होती.